चाळिसावी तकबीर

एकोणचाळीस झाले.

हारून तांबोळीने एकोणचाळीस दिवस पाचही वक्तांच्या नमाजची पहिली तकबीर चुकवली नव्हती, आणि दस्तगीर पिंजाऱ्याने त्यातला एकही दिवस मोजायचा सोडला नव्हता.

ही गोष्ट अशी असते. इमाम पुढे उभा राहतो, हात कानाशी नेतो आणि अल्लाहु अकबर म्हणतो. ती पहिली तकबीर. तिच्या पाठोपाठ, फार तर इमाम पहिल्यांदा वाकायच्या आत, ज्याने हात बांधले त्याला ती मिळाली. अशी सलग चाळीस दिवस मिळाली तर माणसाचं नाव दोन ठिकाणांहून खोडलं जातं म्हणतात. एक दोजखातल्या, नरकातल्या लोकांमधून, दुसरं ढोंग्यांमधून. मध्ये एक जरी चुकली की मागचं सगळं बाद. पुन्हा एकपासून.

पुन्हा एकपासून. हे दोन शब्द दस्तगीर दिवसभर मशीनवर कापूस पिंजताना खडीसाखरेसारखे तोंडात घोळवत होता.

तांबोळीने ईदच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली होती. मंडप-डेकोरेशनचा धंदा, हज केलेला माणूस, मशिदीचा मुतवल्ली, म्हणजे सगळा कारभार त्याच्याच हातात. गुडघा दुखरा, तरी ओढ्यापलीकडून चालत यायचा. विसाव्या दिवसापर्यंत कुणाला बोलला नाही. मग सगळ्या गावाला माहीत झालं. पाथर्डीच्या रस्त्यावरचं गाव ते, मुसलमानांची सतरा घरं. तिथे माहीत व्हायला कितीसा वेळ लागतो?

उद्या चाळीस.

•

का, ते आधी सांगायला हवं.

पहाटेच्या, म्हणजे फजरच्या बांगेत एक वाक्य जास्त असतं. दिवसातल्या बाकीच्या चार बांगांत ते नसतं. नमाज झोपेपेक्षा चांगली. दोनदा म्हणायचं.

दस्तगीरचा बाप, बालम पिंजारी, एकतीस वर्षं या मशिदीचा बांगी, बांग देणारा. सहा वर्षांपूर्वी, थंडीचे दिवस, वय चौऱ्याहत्तर. त्या पहाटे ते वाक्य त्याच्याकडून म्हणायचं राहून गेलं. तो तसाच पुढे गेला आणि बांग संपवली. ते वाक्य राहिलं तरी बांग होते, हे तेव्हाच्या इमामानेही नंतर सांगितलं. नंतर.

त्याआधी तांबोळी आत आला होता. भोंगा चालू होता. तेव्हा पहाटे भोंगा चालायचा. आता सहाच्या आत लावता येत नाही.

गावाने घराघरांत जे ऐकलं ते असं:

“चाचा, झोपंतच बांग दिली व्हय?”

(खोकला. मग म्हाताऱ्याचा आवाज.)

“राहिलं का काय?”

(तांबोळी.) “राहिलं का म्हनून इचारतोय. पुन्हा द्या. नियम म्हंजे नियम. माझ्या मागनं म्हना.”

मग एकेक ओळ. आधी तांबोळीचा आवाज, मग म्हाताऱ्याचा.

“म्हना.”

“म्हना ना. मोठ्यानं.”

गोरक्षनाथ दूधवाला तेव्हा म्हशीखाली बसलेला होता. तो दस्तगीरला म्हणाला, पोरगं पाढं म्हणतंय असं वाटलं रे, मी धार सोडून उठलो. तो उठला. बाकीचं गाव हसलं. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात आठ दिवस कुणीही कुणाला चहाचा ग्लास पुढे केला की म्हणायचं, म्हना ना चाचा.

बालमचाचा पुन्हा मशिदीत गेला नाही. घरात, कापसाच्या ढिगामागे, भिंतीकडे तोंड करून नमाज पढायचा, इतक्या खालच्या आवाजात की सून रेश्मा कान लावून बघायची, श्वास चालू आहे ना. चार महिन्यांनी एका पहाटे तो चालू नव्हता.

जनाज्याला पहिला खांदा तांबोळीचा. कब्रस्तानातून परतताना त्याने दस्तगीरच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, मी बरोबरच हुतो, पर तू मनात ठेवू नको.

दस्तगीरने मनात ठेवलं. नीट पिंजून, गाठी सोडवून, दाबून भरलं आणि वरून टाके घातले.

दोन वर्षांपूर्वी बांगी मिळेना तेव्हा तांबोळी स्वतःच दुकानात आला. बापाचा आवाज हाय तुझ्यात, म्हणाला. दस्तगीर लगेच हो म्हणाला. रेश्माने विचारलं तेव्हा पुण्य लागतं म्हणून सांगितलं. तिने फक्त मान डोलावली. तिला नवऱ्याचं तोंड ओळखता येत होतं.

•

मशिदीत मिंबरच्या, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्यांच्या, बाजूला एक फळी आहे. फळीवर सहा छोटी घड्याळं, पाच वक्तांची पाच आणि शुक्रवारचं एक, खोटी, काटे हाताने फिरवायचे. प्रत्येक नमाजच्या जमातची, म्हणजे सगळ्यांनी मिळून रांगेत उभं राहायची, वेळ त्यावर. उन्हाळ्याकडे सूर्य लवकर निघू लागतो, म्हणून पहाटेची जमात अधूनमधून दहा मिनिटं अलीकडे घ्यावी लागते. काटा फिरवायचं काम बांग्याचं. आदल्या दिवशी रात्रीच्या नमाजनंतर मोठ्याने सांगायचं, असा रिवाज.

रिवाज होता. नियम नव्हता.

एकोणचाळिसाव्या दिवशी सगळे पांगल्यावर दस्तगीरने पहिल्या घड्याळाचा काटा पाच चाळीसवरून साडेपाचवर आणला. सूर्य खरंच अलीकडे आला होता. कुणाच्या बापालाही चूक काढता आली नसती.

•

चार पन्नास. भोंगा नाही म्हणून तो फजरला रोज फोन करून लोकांना उठवायचा. आज पाच जणांना फोन, पाचांनाही एकच वाक्य: जमात साडेपाचला.

पाच पाच. हारून तांबोळीला मिस कॉल. रोजच्याच वेळी, रोजच्यासारख्याच दोन रिंग.

अंथरुणातून रेश्मा म्हणाली, “तांबोळीचाचाला सांगितलं?”

“दिला की मिस कॉल.”

“येळ सांगितली का इचारते मी.”

त्याने टोपी झटकली.

“अब्बांना हे आवडलं नसतं,” ती म्हणाली.

“अब्बा न्हाईत. म्हनून तर.”

मशिदीच्या अंगणात उभं राहून त्याने कानात बोटं घातली आणि नुसत्या गळ्याने बांग दिली. चार घरांपर्यंत गेली असेल. ओढ्यापलीकडे तर नाहीच. नमाज झोपेपेक्षा चांगली, हे त्याने दोन्ही वेळा नीट, पूर्ण, घोटून म्हटलं.

हाफिजजी, आताचे इमाम, आले. बीडकडचे, तरुण, अजून डोळे सुजलेले. दस्तगीरने त्यांना सांगितलं की सूर्य अलीकडे आलाय, आजपासून साडेपाच. हाफिजजी म्हणाले, अच्छा, आणि जांभई दिली.

पाच जण अंगणातल्या नळांवर हातपाय-तोंड धुऊन, वजू करून आत आले. शहाबादी फरशीवर पाणी सांडून राहिलं. दस्तगीर एरवी बरोबर इमामाच्या मागे उभा राहायचा. आज त्याने रांगेच्या डाव्या कडेची, दाराजवळची जागा धरली. तांबोळी उशिरा येईल तेव्हाचा पायरव त्याला जवळून ऐकायचा होता.

साडेपाच. इकामत, जमात उभी राहिल्याची छोटी बांग, त्यानेच म्हटली.

अल्लाहु अकबर.

•

हात बांधले. नजर सजद्याच्या जागेवर.

हाफिजजींनी फातिहा, कुराणातली पहिली सुरत, सुरू केली

गेली. गेली त्याची

आवाज गोड आहे पोराचा. अब्बांना आवडला असता

आता घरून निघत असेल, खुशीत, चाळीस चाळीस करत

फातिहा संपली. पुढची सुरत. मोठी घेतली वाटतं

फाटकाची कडी

फाटकाची कडी वाजली.

पाच तेहतीसही झाले नव्हते. दस्तगीरने सगळं धरलं होतं, एक गोष्ट धरली नव्हती. चाळिसाव्या दिवशी माणूस लवकर निघतो.

कडी. मग थांबलेला श्वास. आतली उभी रांग बघितलेला. मग चपला भिरकावल्याचा आवाज. मग पावलं. दुखऱ्या गुडघ्याची, एक जड, एक हलकं. घाईची. ओल्या फरशीवर

आणि पडला.

वाळलं लाकूड दगडावर पडावं तसा आवाज. रांगेतल्या बाकीच्यांना बादली पडली असं वाटलं, ते त्यांनी नंतर सांगितलं. दस्तगीर दारात होता. त्याला बादली वाटली नाही.

माणूस विहिरीत पडत असेल, आगीत सापडला असेल, मदतीला दुसरं कुणी नसेल, तर नमाज मोडायची. मोडलीच पाहिजे. हे त्याला बापाने शिकवलं होतं, सात वर्षांचा असताना, याच रांगेत.

त्याने मोडली नाही. हात बांधलेले. नजर सजद्याच्या जागेवर. इतका स्थिर तो कधीच उभा राहिला नव्हता.

बाहेर काहीच नाही.

हाफिजजी वाचतायत.

बाहेर काहीच नाही.

मग जमिनीलगतून, दातांवर दात दाबून, अर्धा श्वास, अर्धा शब्द:

“अल्लाहु अकबर.”

पडल्या जागी. उठता येत नसलेला माणूस झोपून नमाज पढू शकतो. तांबोळीला नियम पाठ होते. हाफिजजी अजून सुरत वाचत होते. दस्तगीरने मोजलं: आणखी दोन आयती, दोन ओळी. मग ते रुकूत वाकले.

दोन आयती आधी. म्हणजे मिळाली. फरशीवर लोळत त्या माणसाने ती पकडली.

रुकू. दस्तगीर वाकला. ओठ हलले, शब्द नव्हते.

सजदा. कपाळ टेकलं. तिथे अल्लाची तारीफ करायची असते. दस्तगीर म्हणाला, बाद होऊ दे. दुसऱ्या सजद्यात पुन्हा तेच. दुसऱ्या रकातीत, नमाजच्या दुसऱ्या फेरीतही तेच. माणूस अल्लाच्या सगळ्यात जवळ सजद्यात असतो म्हणतात. त्याने चारही वेळा जवळ जाऊन एकच मागितलं.

शेवटी सलाम. आधी उजवीकडे तोंड फिरवायचं. उजवीकडे शेजारचा माणूस, त्याचा कान. मग डावीकडे.

डावीकडे दार. दारातून अंगण. अंगणात कुशीवर पडलेला तांबोळी, उजवा हात अंगाखाली मुडपलेला, वेदनेने नमाजात मागे राहिलेला, अजून पहिल्याच सलामवर, त्याचं तोंड उजवीकडे. म्हणजे इकडे. दोघांची तोंडं समोरासमोर आली. आणि दस्तगीरच्या तोंडातून ते शब्द आधीच निघून गेले होते: तुझ्यावर शांती असो.

•

मनगट मोडलं होतं. उचलून बाकावर बसवलं, रुमालाने हात बांधला. गोरक्षनाथाचा दुधाचा टेम्पो नगरला निघायच्या बेतात होता, तो बोलावला. तांबोळीला घाम सुटला होता, पण त्याचं लक्ष हाताकडे नव्हतं. त्याने हाफिजजींना विचारलं, मला मिळाली का?

हाफिजजी म्हणाले, पहिल्या रकातीच्या रुकूआधी तकबीर म्हटली असेल तर मिळाली, असं धरतात. आधी म्हटली का?

 तांबोळी म्हणाला, पडल्यावर कानात नुसती शिट्टी वाजत होती, तुम्ही वाचत होता का थांबला होता ते कळलं नाही. इतरांनी माना हलवल्या. हाफिजजींना स्वतःच्याच आवाजात बाहेरचं ऐकू आलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, दस्तगीर दाराशी होता.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तांबोळीही. सहा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस दस्तगीरकडे काहीतरी मागत होता. मोडका हात मांडीवर घेऊन, तोंड वर करून.

दस्तगीरने घाई केली नाही.

“मी नमाजात होतो, हाजी,” तो म्हणाला. “मला बाहेरचं काय ऐकू येनार?”

हाफिजजींनी कौतुकाने त्याच्याकडे बघितलं.

त्याला वाटलं होतं, आता तांबोळी भांडेल. गयावया करेल. आठव ना दस्तगीर, म्हणेल. म्हणू दे, म्हणू दे ना, मोठ्यानं. तांबोळीने फक्त डोळे मिटले आणि उघडले.

“बरोबर हाय,” तो म्हणाला. “शक असंल तर धरायची न्हाई. उद्यापासनं एक.” आणि टेम्पोत चढवताना, दुधाच्या कॅनच्या मधे बसत, “उद्या येळ काय?”

“साडेपाच.”

“कधीपासनं?”

“आजपासनं. सांगायचं ऱ्हायलं.”

तांबोळी त्याच्याकडे बघत राहिला. टेम्पो वळेपर्यंत बघत होता. त्याला सगळं कळलं होतं, आणि तो एक शब्द बोलला नाही. हेच दस्तगीरला सहन झालं नाही. जो नियम त्याच्या बापाला लावला तोच माणसाने स्वतःला लावला आणि कण्हलासुद्धा नाही. मग उरलं काय त्याच्या हातात?

•

सगळे गेल्यावर तो आत आला. आपली नमाज झाली नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चार सजद्यांत त्याने काय मागितलं ते त्याला ठाऊक होतं. दोन रकाती पुन्हा पढायला तो चटईवर उभा राहिला, हात कानाशी नेले.

मागच्या खिडकीतून लाल उजेड थेट समोरच्या भिंतीवर आला.

सूर्य निघत होता. सूर्य निघताना नमाज पढायची मनाई असते. तो पुरता वर येईपर्यंत, साधारण वीस मिनिटं, कुणाचीच नमाज होत नाही. पाप्याची नाही, नेकाचीही नाही.

त्याने हात खाली घेतले आणि भिंतीला पाठ लावून बसला. वाईट वाटतंय का, ते त्याने चाचपून बघितलं. नव्हतं वाटत. उलट या वेळेत त्याला बरं वाटत होतं. इथे काहीच मागायचं नव्हतं, कुणापुढे वाकायचं नव्हतं, शेजारी कुणाला सलाम करायचा नव्हता.

उद्या एक मे. उद्या एक.

तो बोटांच्या पेरांवर मोजू लागला. मे महिना एकतीसचा. चाळिसाव्या दिवशी जूनची नऊ तारीख येते. मोडक्या हाताचा माणूस, सावकाश वजू करणार, सावकाश चालणार. तेव्हा सूर्य आणखी दहा मिनिटं अलीकडे आलेला असेल.

मोजून झालं. भिंतीवरचा उजेड पांढरा पडला होता. मनाईची वेळ संपून बराच वेळ झाला होता, आता नमाज पढता आली असती.

तो उठला नाही. पहिल्या पेरावर अंगठा ठेवून तो पुन्हा एकपासून मोजू लागला.