कोरी टिकली

दोन्ही वर्तुळं सारखीच निघाली. मी पट्टी लावून पुन्हा मोजली, तरी सारखीच.

प्रयोगशाळेत माझं काम तसं सोपं. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि वर अर्कात भिजवून वाळवलेली कागदाची टिकली ठेवायची. जंतू मेले की टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. अर्क अल्कोहोलमध्ये काढतात, म्हणून शेजारी नुसत्या अल्कोहोलची कोरी टिकलीही ठेवायची. गेल्या आठवड्यात बाबांच्या कुंडीतल्या पुदिन्याचा अर्क तपासताना मी ती ठेवलीच नाही. अर्काची टिकलीसुद्धा ओलीच ठेवली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! वर्तुळ दिसताच फोनही केला, "बाबा, तुमच्या पुदिन्यानं जंतू मारले!"

आज तशाच ओल्या दोन टिकल्या ठेवल्या, एक अर्काची, एक कोरी. जंतू अल्कोहोलनं मारले होते. पुदिना बिचारा नुसता हजर होता.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. छातीत जंतुसंसर्ग, माझ्या त्या फोनच्या दोनच दिवस आधी डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिलेल्या. मी लगेच फोन लावला.

"बाबा, गोळ्या घेताय ना?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणाले, आणि खोकत सुटले.

हे काही 'हो' नव्हतं. गोळ्या त्यांच्या पोटात जायच्या, गोळा माझ्या पोटात आला. बसची वाट न बघता मी धावतच निघाले.

दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. हात धरला तर चटका बसला. टेबलावर पुदिन्याच्या पाण्याचा पेला होता आणि शेजारी गोळ्यांचं पाकीट. दोनच दिवसांच्या गोळ्या संपल्या होत्या.

"अगं, घरचं औषध असताना त्या कशाला?" एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली.

माझं चुकलं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मला भयंकर भीती वाटत होती. मी आधी रुग्णवाहिका बोलावली.

दवाखान्यात नर्सनं त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि विचारलं, "कुणाचं औषध चालू आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी मास्क बाजूला केला.

"माझ्या मुलीचं."

नर्स माझ्याकडे वळली. "तुम्ही डॉक्टर?"

"नाही," मी म्हणाले. बाबा अजून कौतुकानं माझ्याकडेच बघत होते.