चौदांपैकी तीन

दुपारच्या वेळी चष्म्याच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. मास्तरीण काउंटरमागे बसून दांड्यांचे स्क्रू आवळत होती. मास्तरीण ती फक्त नावाची. जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. पण कॉलेजच्या हॉस्टेलात असताना ज्याच्यात्याच्या बोलण्यातल्या चुका काढायची, म्हणून मैत्रिणींनी हे नाव चिकटवलं. त्याला वीस वर्षं झाली. त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, तरी काही चुकलं की ती स्वतःला त्याच नावानं दटावायची.

एक तरुण बाई आत आली. जमीन मोजणीच्या कचेरीत ती नकाशे काढायची आणि संध्याकाळपर्यंत तिचे डोळे चुरचुरायचे. नंबर काढून झाला, फ्रेम पसंत पडली. पावतीवरची सही वाचून मात्र ती थबकली.

"हे तुमचं नाव? तुम्ही टेकडीवरच्या कॉलेजात होता का?"

"होते की. दीडच वर्ष."

"मी खालच्या शाळेतली, ताई! चौथीतली. तुम्ही मला पत्रं लिहायचात!" बाईनं वाकून तिचे दोन्ही हात धरले. "चौदा पत्रं. सगळी जपून ठेवलीत मी."

मास्तरीण हसली खरी, पण आकडा जुळेना. तिनं लिहिली होती तीन.

त्या वर्षी कॉलेजनं टूम काढली होती. प्रत्येकीनं खालच्या प्राथमिक शाळेतलं एक मूल निवडायचं, पंधरा दिवसांनी एक पत्र लिहायचं, अभ्यासात लागेल ती मदत करायची. शिपाईकाका पत्रांची पिशवी खांद्याला अडकवून टेकडी उतरायचे आणि उत्तरं घेऊन धापा टाकत वर यायचे. तिसरं पत्र गेलं आणि घरून निरोप आला : वडिलांचं उजवं अंग गेलं. दुकान बघायला दुसरं कुणी नव्हतं. दोन दिवसांत ती गाशा गुंडाळून घरी आली, आणि काचा घासण्याच्या यंत्रापुढे जी बसली ती बसलीच. सुरुवातीला अधूनमधून त्या पोरीची आठवण यायची. मग तीही बंद झाली.

"मला पाढे पाठ होत नव्हते," बाई सांगत होती. "तुम्ही लिहिलंत, जिना चढताना म्हण, एका पायरीला एक आकडा. अहो, अजून कचेरीचा जिना चढताना माझ्या तोंडात सतराचा पाढा असतो!"

जिन्यावर पाढे म्हणणारी मुलगी मास्तरणीनं जन्मात एकच पाहिली होती. हॉस्टेलात तिच्याच खोलीतली, मुठीएवढी आणि सतत कामात. सगळ्या तिला मुंगी म्हणायच्या.

'ते मी नव्हे' हे शब्द ओठांवर आले आणि तिथंच अडले. "बुधवारी या, चष्मा तयार असेल," एवढंच ती म्हणाली.

त्या संध्याकाळी चार ठिकाणी चौकशी करून तिनं मुंगीचा फोन नंबर मिळवला आणि लावला.

"अगं बये!" पलीकडून किंकाळीच आली. "जिवंत आहेस होय?"

मास्तरणीनं सगळं सांगितलं. मुंगीनं लगेच कबूल केलं.

"मग काय करणार होते? तू गेलीस आणि ती पोर रोज शिपाईकाकांच्या वाटेवर उभी राहायला लागली. काका मला म्हणाले, काहीतरी करा बाई, मला तिच्यासमोरून जाववत नाही. तुझं अक्षर काढायला आठ दिवस लागले मला."

"पण माझ्या नावानं कशाला? खरं सांगायचंस ना."

"सांगणार होते. पहिलं पत्र लिहायला बसले आणि..." मुंगीचा आवाज खाली आला. "तू काय लिहिलं असतंस, कशी बोलली असतीस, असा विचार करत लिहायचे. तेवढा वेळ तू खोलीत असल्यासारखं वाटायचं. मग सोडवेना."

बुधवारी बाई आली, ती पत्रांचा डबा घेऊनच. मास्तरणीनं आधी चष्मा घातला तिच्या डोळ्यांवर, दांड्या कानामागे नीट बसवल्या, आणि मग हात जोडून खरं ते सांगून टाकलं.

बाईचा चेहरा उतरला. तिनं डबा उघडला आणि वरची तीन पत्रं बाजूला काढली.

"म्हणजे तुमची ही?"

"हो."

"यांच्याबरोबर तुम्ही माझी पत्रंसुद्धा लाल शाईनं तपासून परत पाठवली होती. सव्वीस चुका! मी दप्तरात तोंड घालून रडले होते." आणि एकाएकी तिला हसू फुटलं. "चौथ्या पत्रापासून तुम्ही एकदम प्रेमळ झालात. मला वाटलं, आपलं शुद्धलेखन सुधारलं!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाई डबा तिथंच ठेवून कचेरीत गेली.

मग मास्तरीण ती अकरा पत्रं वाचत बसली. अक्षर हुबेहूब तिचं. मुंगीनं स्वतःचं कौतुकही करून घेतलं होतं : 'माझी मैत्रीण फार हुशार आहे, फक्त तिला कुणी विचारत नाही.' पण नवव्या पत्रात लबाडी विसरून ती भलतंच लिहून गेली होती : 'माझी मैत्रीण घरी गेली. ती सगळ्यांच्या चुका काढायची. आता मी मुद्दाम चुकीचं बोलून बघते, तर कुणी काही म्हणतच नाही.'

मास्तरणीनं ती ओळ दोनदा वाचली. गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं जरा थांबायला सांगितलं.

पुढच्या रविवारी मुंगी आली. केस पिकलेले, उंची तेवढीच. नकाशेवाली बाई आधीच येऊन बसली होती. ती उठून उभी राहिली. मुंगीनं पिशवी खाली ठेवली, मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "केवढी उंच झालीस गं! बस बघू आधी, माझी मान दुखते."