वेगळी कढई

सुनेनं, आर्यानं, माझी भाजी वेगळ्या कढईत करायला घेतली, तेव्हाच मी ओळखलं. ही वेगळं निघणार. आधी कढई, मग गॅस, मग फ्लॅट. संकेत माझा एकुलता एक. तो बायकोला घेऊन गेला की तुळिंजच्या या दोन खोल्यांत मी आणि टीव्ही.

माझी झोप उडाली. मग मला समुपदेशनाला नेलं कोणी? सूनबाईंनीच! सासूला वेडी ठरवायचा बेत, दुसरं काय.

समुपदेशक नॅन्सी, इथल्याच गास गावची. तिनं वहीत तीन रकाने आखून दिले. काय घडलं, मनात काय आलं, आणखी काय असू शकेल.

"ही वही वाचणार कोण?" मी विचारलं.

"तुम्ही दाखवलीत तर मी. बाकी कोणी नाही, काकी."

असं सगळेच म्हणतात. म्हणून मी दोन आठवडे स्वतःची सोडून शकू नावाच्या बाईची काळजी लिहिली. शकूची सून तिची भाजी वेगळी करते. शकूला वाटतं, सून आता घर फोडणार.

नॅन्सीनं वही वाचली. हसली नाही, हे तिचं चांगलं. "शकूबाईंचा तिसरा रकाना रिकामाच आहे की. जरा मदत करा त्यांना."

दुसरीच्या घरातलं मला भराभर सुचतं. "मीठ कमी घालत असेल. शकूला बीपी आहे ना. गोळ्या कुळथाच्या पिठाच्या डब्यात लपवते, तिथं दुसरं कोणी हात घालत..."

मग आठवलं. गेल्या आठवड्यात मला कुळथाची पिठी आर्यानं करून वाढली होती.

"असेलच असं नाही," नॅन्सी म्हणाली. "सुनेला विचारून बघू दे त्यांना."

घरी आले तर आर्या दुधी चिरत होती.

"काय गं, माझ्या भाजीत मीठ कमी घालतेस?"

सुरी थांबली. "गोळ्या दिसल्या, आई. तुम्ही लपवल्यात, म्हणून मीही बोलले नाही. तुम्हाला राग आला असता."

"आलाच आहे. आणि वेगळं कधी निघताय?"

"वेगळं नाही हो. विरारला मोठा फ्लॅट बघतोय. एक खोली तुमची."

एरवी मी हे खोटंच धरलं असतं आणि आठवडाभर तोंड फिरवून बसले असते. आताही अर्धंच पटलं होतं. पण अर्धं पटलं होतं.

"मग रविवारी मलाही न्या," मी म्हटलं. "माझी खोली मी डोळ्यांनी बघणार."