शून्य दातांची केस

मी वेळेवर मामा झालो. हे वाक्य तुम्ही अजून वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही, असं समजा. आपण सहा आठवडे मागे जाऊ, तेव्हा असं काही होण्याची सुतराम शक्यता नव्हती.

आमची कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. मी तिथे टेस्टर. म्हणजे इतरांनी तीन महिने खपून केलेलं काम शेवटच्या आठवड्यात माझ्या पुढ्यात येतं आणि मी त्यातल्या चुका काढून सगळ्यांचं तोंड कडू करतो. मग रिलीजची तारीख पुढे जाते आणि माझी रजा बोंबलते. असं करत मी ताईचा पदवीदान समारंभ चुकवला, ताईचं घर बदलणंही चुकवलं. घर बदलण्याचं दुःख मी लवकर पचवलं, कारण कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं.

आता डॉक्टरांनी ताईला बाळंतपणाची तारीख दिली, ती नेमकी आमच्या रिलीजची. भावोजी बोटीवर, दोन महिने येणार नव्हते. दवाखान्यात सोबत मीच. ताई फोनवर शांतपणे म्हणाली, "तुझी तारीख पुढे जाते. माझी जाणार नाही."

मी रजेचा अर्ज घेऊन आमच्या टीमच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी अर्ज वाचला आणि रजेऐवजी माझी खुर्ची हलवली. यापुढे तपासणी शेवटी नाही, पहिल्या दिवसापासून, असं म्हणत त्यांनी मला प्रोग्रॅमरच्या शेजारी नेऊन बसवलं. या प्रोग्रॅमरला आम्ही 'झालंय' म्हणतो. काम कुठवर आलं विचारलं की तो "झालंय" म्हणतो. तेव्हा कामाला सुरुवात व्हायची असते.

नवी पद्धत अशी, की कामाचे छोटे तुकडे पाडायचे, तुकडा लिहायच्या आधीच मी विचारायचं की हे तपासणार कसं, आणि लिहून झाला की तिथल्या तिथे तपासायचा. शिवाय रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून बोलायचं, कारण बसला की माणूस लांबण लावतो. झालंयने उभ्या उभ्याही लांबण लावून दाखवली.

दोन दिवस आम्ही सासू-सुनेसारखे एकाच टेबलावर अबोल्याने बसलो. तिसऱ्या दिवशी तो पेशंटच्या दातांची संख्या भरायचा रकाना करत होता. मी विचारलं, शून्य भरलं तर?

"शून्य दातांचा माणूस दातांच्या डॉक्टरकडे कशाला जाईल?"

"कवळी बसवायला."

मग त्याने शून्य भरून बघितलं. त्याच्या हिशेबाने दात संपले म्हणजे पेशंट संपला. सॉफ्टवेअरने खातं बंद केलं आणि घरच्यांसाठी सांत्वनाचा निरोप तयार ठेवला.

दहा मिनिटांत ते दुरुस्त झालं. हेच शेवटच्या दिवशी सापडलं असतं तर दोन आठवडे, पाच बैठका आणि एक भांडण ठरलेलं. पुन्हा कोणी तिथे हात लावला तर आपोआप कळेल, अशी सोयही झालंयने स्वतःहून करून ठेवली. पुढे पुढे मी तोंड उघडायच्या आत तोच विचारायचा, चारशे दात भरू का?

रिलीजच्या दिवशी सकाळी माझ्यासाठी शोधायला काहीच उरलं नव्हतं. मी उगाच माऊस पुसत बसलो. दहाला ताईचा फोन आला, "नीघ." मी उठलो आणि सवयीने दारात थांबलो, कोणीतरी मागे बोलावेल म्हणून. कोणी मान वर केली नाही. शेवटी झालंय म्हणाला, "अरे जा की. झालंय."

आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरंच झालेलं होतं.

दुपारी तीन वाजता भाची आली. तिने मोठी जांभई दिली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी झालंयला फोटो पाठवला, 'दात शून्य, पेशंट ठणठणीत.' त्याचं उत्तर आलं, 'इकडेही.' ताई म्हणाली, फोन ठेव आणि हिला धर. धरली. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना अर्ज दिला, तो असा:

विषय : खुर्ची हलवण्याबाबत. कोणतेही काम पूर्ण झाल्यावर नव्हे, तर पहिल्या दिवसापासून शेजारी बसून पाहावे, हे आपलेच धोरण आहे. सदर भाचीचा पहिला दात अंदाजे सहा महिन्यांत अपेक्षित आहे. सबब माझी खुर्ची ताईच्या घरी, पाळण्याशेजारी, दात येईपर्यंत पगारासह हलवण्यात यावी. दात आल्याची खात्री मी स्वतःच करणे आवश्यक आहे, कारण झालंय याने तो आल्याचे आज सकाळीच जाहीर केले आहे. तरी सत्वर मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.