निरोपाचं जेवण

स्वीडनचे राजनैतिक अधिकारी लिंडक्विस्ट साहेब तीन वर्षांनी बेंगळुरू सोडून पुढच्या देशात निघाले होते. निरोपाच्या जेवणाच्या दिवशी सकाळीच स्वयंपाकीण महानंदाला निपाणीहून भावाचा फोन आला, "अक्का, आईचं काही खरं नाही. लगेच ये."

तिने रजा मागितली. "आज? जेवणं उरकल्यावर जा," साहेब म्हणाले आणि नेहमीप्रमाणे नोकरांचे फोन खणात ठेवून घेतले. पाहुण्यांसमोर फोन वाजलेला त्यांना खपत नसे.

चाळीस पाहुणे जेवले. मग साहेबांनी तिला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ही नोकर नाही, माझ्या घरचीच आहे." टाळ्या पडल्या. महानंदाला हसावं लागलं.

चार वाजता फोन हातात आला, तेव्हा भावाचे सतरा मिस्ड कॉल होते. तिने घाईघाईने फोन लावला.

"गेली गं आई. दोनपर्यंत तुझंच नाव घेत होती."

ती पिशवी भरू लागली. साहेबांनी विचारपूस केली, ऐकून मनापासून हळहळले.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "तेवढी कॉफी करून जातेस ना? पाहुणे थांबलेत."

महानंदाने पिशवी बाजूला सारली आणि दूध तापत ठेवलं.