नकाशातली दाटीवाटी

हात नाहीत, पाय नाहीत, तरी रस्ते हलवण्यात माझा जन्म गेला. मित्रांनो, मी नकाशांच्या कचेरीतला एक जुना प्रोग्रॅम आहे. मला सगळे ‘सरकवण्या’ म्हणतात.

मोठा नकाशा लहान केला की गाव आक्रसते, पण रस्त्याची रेघ दिसण्याइतकी जाड ठेवावीच लागते. मग रस्ता घरावर चढतो, घर नदीत पाय सोडून बसते. ही दाटी सोडवायला आमच्या नकाशाकार ताईंनी मला घडवले. एवढे डोंगर, एवढी माणसे एका कागदावर मावलेली पाहिली, तेव्हा मी थक्कच झालो.

एकदा रुग्णवाहिकांच्या चालकांसाठी नकाशा निघायचा होता. नदी आणि रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत एक दवाखाना होता. नकाशा लहान करताच तो दोघांखाली गडप झाला. मी हुशारी केली. पलीकडच्या काठावर ऐसपैस जागा होती, तिथे त्याला नेऊन ठेवले.

ताईंनी कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, नदीपलीकडे टाकलास? तिथे जवळपास पूल तरी आहे का?”

साहेब खुर्चीतूनच म्हणाले, “एवढासा तर ठिपका! उडवा ना, ताई. छपाई अडलीय.”

“साहेब, माझी वहिनी त्याच गावात आहे. दिवस भरत आलेत तिचे. गाडीवाला नवखा निघाला तर जाईल कुठे?”

साहेब खुर्चीतून उठले. “मग छपाई थांबू दे,” म्हणाले.

ताईंनी मला नवा नियम शिकवला. नदी हलत नाही, काठ कुणी बदलायचा नाही, आणि ज्याला जागा नाही त्याच्यासाठी बाकीच्यांनी हलायचे. “चला, जरा सरकून घ्या सगळ्यांनी,” असे पुटपुटत त्यांनी मला चालू केले. रस्ता सरकला. त्याच्या रेट्याने शाळा सरकली, शाळेमागची घरे सरकली, विहीर सरकली. पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत सगळे केसभर मागे झाले, पण कुणाचा शेजार सुटला नाही. एका ठिपक्यासाठी अख्खे गाव! इतके सुंदर मी आजवर काही पाहिलेले नाही.

पुढे वहिनींना न्यायला गाडी आली, तेव्हा चालक खरेच नवखा होता. नकाशा पाहत तो थेट दवाखान्याच्या दारात पोचला.

आता नवे प्रोग्रॅम आले आहेत. मला क्वचितच कुणी हाक मारते. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, मागणे एवढेच आहे. दाटीत कुणी लहानसे सापडले, तर त्याला खोडू नका, पलीकडे ढकलू नका. तुम्ही केसभर सरका. तेवढ्याशा जागेतून एक मुलगी या जगात आली आहे.