चिमट्याविना चार आठवडे

डॉक्टरबाईंनी दिव्याचं भिंग तिच्या हनुवटीवर आणलं, डावीकडून उजवीकडे फिरवलं आणि बाजूला सारलं.

"कधी उपटलेत?"

"आज सकाळी."

"अहो, लेझर केसाच्या मुळाला धरतं. तुम्ही मूळच काढून आलात तर ते धरणार कुणाला?"

ती ओशाळली. पण परक्या माणसासमोर हनुवटीवर केस घेऊन बसायचं तरी कसं? मोलकरीण यायच्या आधी घर झाडून ठेवणारी बाई ती.

"चार आठवडे चिमटा नाही, दोरा नाही, वॅक्स नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फारच वाटलं तर रेझर फिरवा."

"रेझरने राठ होतात ना?"

"नाही हो. टोक कापलं जातं म्हणून हाताला तसं लागतं, एवढंच. आणि आज हार्मोन्ससाठी रक्ताची तपासणीही लिहून देते, तीही करून या."

ती चिठ्ठी घेऊन बाहेर पडली. जिना उतरेपर्यंत तिचं बोट दोनदा हनुवटीकडे गेलं.

नाटकमंडळींसाठी दाढ्यामिशा आणि टोप बनवणाऱ्या कारखान्यात ती बावीस वर्षं कामाला होती. जाळीवर एकेक केस आकड्याने ओवून गाठ मारायची. एका भरघोस दाढीला आठ-दहा दिवस लागत. सगळे तिला 'दाढीवाल्या बाई' म्हणत, प्रेमानेच. पण चोराच्या मनात चांदणं. प्रत्येक हाकेला ती मान खाली घाली. कारण रोज पहाटे घर झोपलेलं असताना ती न्हाणीघराची कडी लावून चिमट्याने हनुवटी साफ करायची. हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं, की लेकीला. चिमटा चष्म्याच्या जुन्या डबीत लपलेला असायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली गेल्या महिन्यात. डोळ्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं आणि एक केस राहून गेला होता. राजाचं काम करणारा नट दाढी बसवून घेत होता. ती गोंद लावायला वाकली, तसा तो म्हणाला, "बाई, माझ्या दाढीतला केस चिकटलाय तुम्हाला," आणि त्याने भल्या मनाने तो चिमटीत धरून ओढला. केस निघाला नाही. ती मात्र कळवळली. राजा कानापर्यंत लाल झाला आणि त्यानंतर आरशातसुद्धा तिच्याकडे बघेना. त्याच आठवड्यात तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

आता चार आठवडे. पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी बोटाला खुंट लागला आणि तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. जाळीवर गाठ मारता मारता हात हनुवटीकडे जायचा. दिवसभर केसच धरणाऱ्या बोटांना दुसरं येतं काय? जित्याची खोड! तिने कामावर मास्क लावला.

"केसांच्या धुळीने शिंका येतात," ती म्हणाली.

"बावीस वर्षांत आल्या नाहीत, त्या आत्ता आल्या?" कारखान्याच्या मास्तरांनी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही.

घरी तिने सर्दीचं सोंग आणलं आणि मास्क तिथेही ठेवला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्यापाशी पाठ करून जेवू लागली. रेझर विकत आणला, पण तो हातात घेतला की आईचे शब्द कानात वाजत: एकदा वस्तरा लावलास की संपलं. डॉक्टरबाईंचं पटलं होतं, हाताला पटत नव्हतं. ती रेझर परत डबीत ठेवायची, चिमटा उचलायची, तोही ठेवायची, आणि घरभर उगाच फडकं मारत फिरायची.

या सगळ्या गडबडीत लेकीकडे तिचं लक्ष नव्हतं असं नाही, पण पुरेसं नव्हतं. पोरगी पंधराची. ओठावर लव दाट झालेली. वर्गात कुणीतरी तिला 'इन्स्पेक्टर' नाव पाडलं होतं. फोटो काढायची वेळ आली की ती बाटली तोंडाला लावून पाणी प्यायची.

"आई, दोरा बरा की वॅक्स?" तिने एका संध्याकाळी विचारलं होतं. "की क्रीम?"

"या वयात असतं तसं. लक्ष देऊ नकोस," मास्कच्या आडून ती म्हणाली होती.

लेक उठून गेली.

अकराव्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा न्हाणीघराची कडी आतून लागलेली होती आणि नळ नुसता वाहत होता.

"काय करतेयस गं?"

"काही नाही."

"दार उघड."

बराच वेळ गेला. कडी निघाली. लेकीचा वरचा ओठ लालभडक, सुजलेला. बेसिनच्या काठावर पायांचे केस काढायच्या क्रीमची नळी.

"किती वेळ ठेवलंस?"

"जाईपर्यंत," लेक म्हणाली आणि रडायला लागली. "वीस मिनिटं."

तिने पोरीला बेसिनवर वाकवलं, ओंजळीने गार पाणी मारत राहिली. सांगायला हवं होतं, वेळेवर सांगायला हवं होतं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"हे पायांचं असतं, बाळा. मला विचारायचं ना."

"विचारलं होतं!" लेक उसळली. "तुला काय कळणार? तुला कुठे आहेत? आपल्या घरात मीच एकटी अशी आहे."

तिने नळ बंद केला. मग तिने मास्क काढला आणि हनुवटी खिडकीच्या उजेडात धरली.

लेक जवळ आली. एक बोट हनुवटीवरून हळूच फिरवलं.

"हे तर माझ्यापेक्षा जाड आहेत."

"हो."

"कधीपासून?"

"तुझ्या वयाची होते तेव्हापासून."

लेकीने हात मागे घेतला. ओठाची आग होत असावी. डोळे पुन्हा भरले, पण आता त्यात राग होता.

"आणि मला सांगितलं नाहीस."

लाज वाटत होती, एवढं एकच खरं उत्तर होतं आणि ते आत्ता पोरीला सांगणं तिच्या जिवावर आलं. तिने डबीतून रेझर काढला, आपली हनुवटी ओली केली, साबण लावला.

"बघ," ती म्हणाली. "हे मीही आज पहिल्यांदाच करतेय. चुकले तर सांग. तुझा ओठ बरा झाला की दोघी डॉक्टरबाईंकडे जाऊ. काय करायचं ते तू ठरव. काही करायचं नसेल तर तसं."

लेकीने नाक पुसलं. "उलटा धरलायस," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली. नवऱ्याच्या चपला वाजल्या. लेकीने झटकन मास्क उचलून आईपुढे केला आणि दुसरा हात कडीकडे नेला. किती पटकन गेला तो हात, जणू वर्षानुवर्षांची सवय.

तिने लेकीचं मनगट धरलं.

"राहू दे उघडं."

"बाबा आहेत, आई."

"असू देत."

"न्हाणीघरात कोण आहे गं?" बाहेरून हाक आली.

हनुवटीवर साबण तसाच होता. "आम्ही दोघी," ती म्हणाली आणि रेझर सुलट धरला.